पहिले सहा आठवडे प्रत्येक गर्भ मुलगीच असतो?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिला दिनाला एक मेसेज हमखास येतो: 'सुरुवातीला सगळे गर्भ मुलीच असतात, म्हणून तर पुरुषांना स्तनाग्रं!' वाचायला छान, पण खरं नाही.

सहाव्या आठवड्यापर्यंत गर्भातली जननग्रंथी ना वृषण असते ना अंडाशय. दोन्हीकडे जायची तयारी असते, आणि पुढे आतले जननअवयव ज्यांतून बनतात त्या नलिकांच्या जोड्याही दोन्ही प्रकारच्या हजर असतात. स्तनाग्रांचा पाया त्याआधीच घातला जातो, इतकंच.

१९९० मध्ये लंडनमध्ये वाय गुणसूत्रावर (जे साधारणपणे पुरुषांतच असतं) वृषण घडवायला लावणारं एसआरवाय जनुक सापडलं. पुढच्याच वर्षी पीटर कूपमन हे शास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी त्या जनुकाचं उंदरातलं रूप उंदराच्या एक्सएक्स, म्हणजे एरवी मादी होणाऱ्या, भ्रूणात घातलं. उंदराला वृषणं आली, नराचं वागणंही आलं. शुक्राणू मात्र नाहीत. म्हणजे एका जनुकाने दिशा बदलते. पण याचा अर्थ मुलगी 'आपोआप' होते असा काढायचा नाही. अंडाशयालाही डब्ल्यूएनटी४, आरस्पो१ अशी जनुकं कामाला लागावी लागतात. फॉक्सएल२ तर आयुष्यभर पहारा देतं: २००९ मध्ये प्रौढ मादी उंदरांत ते बंद केल्यावर अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागल्या!

एसआरवायच्याच गोतावळ्यातलं सॉक्स१८ हे जनुक मात्र लिंगाच्या भानगडीत पडत नाही. ते भ्रूणाच्या शिरेतल्या काही पेशींत प्रॉक्स१ हे दुसरं जनुक चालू करतं आणि त्या पेशींतून लसिकावाहिन्या (ऊतींतलं जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या नळ्या) फुटतात. हे कूपमन यांच्याच गटाने २००८ मध्ये दाखवलं. माणसात सॉक्स१८ बिघडलं तर विरळ केस आणि पायांना सूज, असा एक दुर्मीळ आजार होतो.