पथदीप ड्रायव्हर

रस्त्यावरील एलईडी दिव्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यातून स्थिर एकदिश प्रवाह देणारे विद्युत मंडल. सोडियम दिव्याच्या काळात या जागी चोक आणि इग्नायटर असत. व्होल्टेज किंचित वाढले तरी एलईडीतला प्रवाह झपाट्याने चढतो. म्हणून ड्रायव्हर प्रवाह धरून ठेवतो, व्होल्टेज किती ते एलईडीच्या माळेला ठरवू देतो.

रचना एकटप्पी किंवा दोनटप्पी असते. एकटप्पीत बहुधा फ्लायबॅक मंडल (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा क्षणभर साठवून पुढे सोडणारे) असते. हे नाव दूरचित्रवाणीच्या पिक्चर ट्यूबमध्ये ओळ संपताच शलाका झपकन मागे फिरे, त्यावरून आले असे सामान्यतः मानतात. दोनटप्पीत आधी बूस्ट (व्होल्टेज चढवणारे) मंडल पॉवर फॅक्टर, म्हणजे पुरवठ्यातून घेतलेल्या प्रवाहाचा किती भाग कामी येतो ते प्रमाण, सुधारून सुमारे ४०० व्होल्टची बस, म्हणजे दोन टप्प्यांमधली एकदिश वाहिनी, देते; मग बक (व्होल्टेज उतरवणारे) किंवा एलएलसी (कॉइल-कपॅसिटरच्या अनुनादावर चालणारे) मंडल प्रवाह सांभाळते.

खरी अडचण १०० हर्ट्झची. एकफेजी पुरवठ्याची शक्ती सेकंदाला १०० वेळा शून्याजवळ उतरते. ९० वॅटच्या दिव्यात ही खळगी बुजवायला दर वेळी सुमारे ०.२९ ज्यूल ऊर्जा साठवावी लागते. ४०० व्होल्टच्या बसवर २० व्होल्टचा चढउतार चालवून घेतल्यास ३६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) पुरतो. एकटप्पीत साठा कमी व्होल्टेजच्या बाजूला असल्याने कपॅसिटर बराच मोठा लागतो. त्यात काटकसर केली की मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात.

कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक (आत द्रावण असलेला) घ्यावा की फिल्मचा (प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीचा), यावर मतभेद आहेत. इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य दर १० अंश से. वाढीला निम्मे होते, हा ठोकताळा. १०५ अंशांवर ५,००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांवर ४०,००० तास, म्हणजे रोज १२ तास जळणाऱ्या दिव्यात सुमारे ९ वर्षे टिकावा. फिल्म आकाराने मोठा व महाग. ड्रायव्हरची बंदिस्त डबी थंड ठेवता आली तर इलेक्ट्रोलिटिकचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. ९६ व ९५ टक्के कार्यक्षमतेचे दोन टप्पे मिळून ९१ टक्के होतात आणि त्याच डबीत सुमारे ९ वॅट उष्णता मुरते. कार्यक्षमतेचा एखादा टक्का वीजबिलात फारसा जाणवत नाही, कपॅसिटरच्या वयात जाणवतो.

भारतात राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाला. ड्रायव्हरच्या कामगिरीसाठी आयएस १६१०४ हे मानक आहे. व्होल्टेजच्या क्षणिक लाटेसाठी एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषून घेणारा घटक) बसवतात; मात्र खांबाकडे येणाऱ्या लाईनचा न्यूट्रल तुटला की दिव्यावर ४१५ व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. त्याचा शिखरबिंदू सुमारे ५८७ व्होल्ट, आणि बसवरचा कपॅसिटर बहुधा ४५० व्होल्टचा असतो.