लगेच उठणारी गांध आणि दोन दिवसांनी लागणारा टणकपणा

मुलाला ॲलर्जी असते आणि डॉक्टर टीबीची मॉन्टू टेस्ट लिहून देतात. मग आईवडिलांना धास्ती वाटते, हात लाल झाला तर टीबी समजायचा की ॲलर्जी? गोंधळ साहजिक आहे. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये ज्यांनी दिला, त्याच बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये टीबीसाठी त्वचेवरची चाचणी मांडली. दोन्हींचं मूळ एकच, पण त्वचेत जे घडतं ते अगदी वेगळं.

ॲलर्जीच्या प्रिक टेस्टमध्ये ज्या गोष्टीची शंका असते, तिच्या अर्काच्या थेंबातून हलकेच टोचतात. त्या गोष्टीविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं (ॲलर्जी घडवणारी प्रथिनं) शरीरात तयारच असली, तर पेशींतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि पंधरा-वीस मिनिटांत खाजरी गांध उठते. काही तासांत ती बसतेही.

मॉन्टूमध्ये ०.१ मिली ट्यूबरक्युलिन, म्हणजे टीबीच्या जंतूंपासून काढलेल्या प्रथिनांचा द्रव, त्वचेच्या थरातच सोडतात. तेव्हा दिसणारा फिकट फुगवटा त्या द्रवाचाच, तो थोड्या वेळात जिरतो. खरं काम टी पेशींचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. त्यांना जमायला वेळ लागतो, म्हणून हात ४८ ते ७२ तासांनी बघतात. ॲलर्जीच्या मुलाला पहिल्या दिवशी लाली आली, खाज सुटली, तरी ती मोजायची नसते. डोळे मिटून बोट फिरवावं, तसं जाणकार माणूस चाचपतो, टणकपणाची कड लागली की पेनने खूण करतो आणि हाताच्या आडव्या दिशेने मिलिमीटर मोजतो. म्हणूनच फोटो पाठवून निकाल विचारू नका, फोटोत फक्त लाली दिसते.

पॉझिटिव्ह निकालाचा अर्थ टीबीचा आजार झालाच, असा नाही. बीसीजीच्या लसीमुळेही हात फुगू शकतो.

औषधांचा घोळ तर फारच होतो. ॲलर्जीचं अँटिहिस्टामिन सिरप प्रिक टेस्टआधी काही दिवस बंद ठेवावं लागतं, नाहीतर गांध उठतच नाही. मॉन्टूसाठी ते थांबवायची गरज नाही. उलट दम्यासाठी बरेच दिवस पोटातून जास्त स्टिरॉइड चालू असेल, तर संसर्ग असूनही हात सपाट राहू शकतो. हे डॉक्टरांना आधीच सांगा.

दमा, इसब किंवा खाण्याची ॲलर्जी असली म्हणून मॉन्टू टाळायची नसते. इसब नसलेल्या जागी टोचलं की झालं. पूर्वी याच टेस्टने फोड आले असतील, कातडी मेली असेल किंवा जीवघेणी रिॲक्शन आली असेल, तर मात्र ती पुन्हा करत नाहीत.