पोराला आवाज फुटतो तेव्हा

चार-साडेचार महिन्यांचा गावठी कोंबडा एका पहाटे खुराड्यावर चढतो, मान ताणतो आणि गंजलेल्या रहाटासारखा करकरतो. 'कुकूच' कसंबसं निघतं, पुढचं 'कू' घशातच राहतं. घरातले हसतात, "शिकतोय अजून!" म्हाताऱ्या कोंबड्याचं ऐकून सुधारेल, अशी सगळ्यांची समजूत.

पण हा गडी कुणाकडूनच शिकत नाही. पोपट-मैना ऐकून आवाज उचलतात, तशी कोंबड्याची जात नव्हे. पक्ष्यांच्या आवाजाचे अभ्यासक मासाकाझू कोनिशी यांनी बहिऱ्या केलेल्या कोंबड्यांचे आवाज तपासले (१९६३), तेही नेहमीसारखेच निघाले. १९८८चा एक प्रयोग तर अचाटच. अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भात लाव्याच्या मेंदूचा काही भाग बसवला, आणि त्यातली काही पिल्लं चक्क लाव्याच्या ढंगात आरवली! चाल मेंदूतच लिहिलेली असते, गुरू लागत नाही.

मग आधी गप्प का? संप्रेरकाची (हॉर्मोनची) वाट पाहायची असते. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनला बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञांनी सहा तरण्या कोंबड्यांवर प्रयोग केला. खच्ची केलेल्यांचा तुरा वाढेना, बांगही येईना. वृषण परत पोटात ठेवलं, तेही कुठल्या मज्जातंतूला न जोडता, तरी तुरा तरारला आणि कोंबडा आरवू लागला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्याच निरोपाला आज आपण टेस्टोस्टेरॉन म्हणतो. आवाजाचं यंत्र मात्र गळ्यात नसतं. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे खोल छातीत असतं. ते, त्याचे स्नायू, श्वासावरचा ताबा, सगळंच अजून वाढीला लागलेलं. म्हणून ही घोगरी करकर.

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, म्हणतात. जपानच्या नागोया विद्यापीठात नेमके कोंबडेच 'झाकले' (२०१३): रात्रंदिवस एकसारखा मंद उजेड. तरीही ते आपल्या आतल्या घड्याळाच्या पहाटे आरवत राहिले. त्याच मंडळींना दोन वर्षांनी आणखी एक गंमत दिसली. कळपात पहिली बांग मानाच्या कोंबड्याची, मग उतरत्या मानाने बाकीच्यांची. पहिल्याला बाजूला काढलं की मान दुसऱ्याकडे.

तेव्हा खुराड्यात थोरला असेल, तर आपल्या पोराचा नंबर सगळ्यात शेवटी.