कुकी : वेब अनुप्रयोगातील अनपेक्षित वर्तन

सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेला व पुढच्या विनंत्यांसोबत परत येणारा छोटा मजकूर म्हणजे कुकी. नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ती वेबवर आणली. नावाचा संबंध काही जण चिठ्ठी असलेल्या फॉर्च्यून कुकीशी लावतात. युनिक्स या संगणक प्रणालीतील ‘मॅजिक कुकी’, म्हणजे घेणाऱ्याने न उलगडता जशीच्या तशी परत करायची खूण, ही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. कामही तेच आहे. १९९७ व २००० ची प्रमाणके ब्राउझरांनी फारशी पाळली नाहीत. २०११ च्या आरएफसी ६२६५ या इंटरनेट प्रमाणकाने प्रत्यक्ष चालणारा व्यवहारच नोंदवला. डोमेनच्या, म्हणजे कुकी ज्या साइटची तिच्या पत्त्याच्या, आधीचा टिंब त्यात निरर्थक ठरला, तरी जुन्या कोडमध्ये तो अजून सापडतो.

परत येताना कुकीचे फक्त नाव व मूल्य येते. डोमेन, पाथ (साइटचा कोणता भाग), मुदत येत नाही. बहुतेक घोटाळ्यांचे मूळ इथेच आहे. एकदा डोमेन लिहून व एकदा न लिहिता ठेवल्यास एकाच नावाच्या दोन कुकी तयार होतात. पाथची लांबी सारखी असेल तर आधी तयार झालेली बहुधा आधी येते. पहिलीच वाचणाऱ्या सर्व्हरला मग शिळे मूल्य मिळते आणि नव्याने लॉगिन करूनही माणूस बाहेरच राहतो. पुसतानाही नाव, डोमेन व पाथ तिन्ही जुळावे लागतात.

कुकी पोर्ट, म्हणजे एकाच संगणकावरील वेगवेगळ्या सेवांचे क्रमांक, पाळत नाही, हे कमी जणांना ठाऊक असते. समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत पेढीत एकाच संगणकावर पट्टीचा हिशेब ८०८० वर आणि वखारीचा साठा ८०८१ वर चालतो. दोन्हींच्या सत्र-कुकीचे (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीचे) नाव व पाथ एकच असतील, तर साठा उघडताच हिशेबातले लॉगिन तुटते. सौद्याच्या वेळी दिवाणजी पासवर्ड चुकल्याचे समजतात. उपाय मात्र दोन वेगळी नावे देणे हा आहे. मुदतीची तारीख-वेळ जीएमटीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या ग्रीनिच वेळेत, लिहावी लागते. इथली घड्याळवेळ तशीच लिहिली, तर अर्ध्या तासाची कुकी सहा तास जिवंत राहते आणि सामायिक संगणकावर हे धोक्याचे आहे.

दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची का, हे ‘सेमसाइट’ ठरवते. २०२० पासून क्रोम सेमसाइट न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ (मर्यादित पाठवण्याची) मानते. त्यामुळे दुसऱ्या साइटच्या चौकटीत उघडलेल्या पानाला ती मिळत नाही. तपास सेट-कुकी ओळीपासून, म्हणजे सर्व्हर कुकी ठेवायला सांगतो त्या ओळीपासून, सुरू करावा. ब्राउझरच्या नेटवर्क कप्प्यात ती दिसते आणि कुकी नाकारली असल्यास कारणही बहुधा तिथेच कळते.