मुद्दा राहतो बाजूला

नोव्हेंबर १९५१. अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या शिक्षणसंस्थांच्या संघांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. सामना कसला, हाणामारीच! प्रिन्स्टनच्या हुकमी खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय. नंतर अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग टिपायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेही डार्टमथच्या मुलांना दिसले नाहीत. मुद्दाम खोटं बोलायचं कुणाला काही कारण नव्हतं. आपली बाजू ठरलेली असली की डोळेही तिच्याच बाजूने बघतात.

बाजू ठरायला फार काही लागतही नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना पडद्यावरचे ठिपके अंदाजाने मोजायला लावलं आणि तुमचे गट या अंदाजांवरून पाडलेत असं सांगितलं. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच नाही, तशाच पुढच्या प्रयोगात आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असाही कल दिसला. मला यातलं हेच सगळ्यात अस्वस्थ करतं.

राजकारणात याला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात. धोरणांवरचे मतभेद हा वेगळा विषय; इथे प्रश्न माणसांविषयीच्या तिटकाऱ्याचा आहे. आपल्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या समर्थकाशी लग्न केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का, असं अमेरिकेत १९६० साली विचारलं तेव्हा शंभरात चार-पाच जण हो म्हणाले होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश हो म्हणाले.

मग दुसरी बाजू ऐकवली की झालं, असं वाटतं ना? ख्रिस्तोफर बेल आणि सहकाऱ्यांनी तेच करून पाहिलं. ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरोधी विचारांच्या पोस्ट वाचायला लावल्या. २०१८ साली निष्कर्ष आला तो उलटा: रिपब्लिकन आणखी उजवीकडे सरकले. डेमोक्रॅटांमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. ओळखदेख नसलेल्या माणसाचे सुटे शेरे कानावर आदळले की माणूस विचार करत नाही, आपला गड लढवायला लागतो.

समोरासमोर बसून बोललं तर? याची गोष्ट चमत्कारिक आहे. दारोदार जाऊन केलेल्या एका संवादाने मतं दीर्घकाळासाठी बदलतात असा दावा करणारा एक शोधनिबंध ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकाने २०१४ मध्ये छापला. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे संशोधक तसाच अभ्यास करायला गेले आणि त्यांना त्या निबंधातली आकडेवारीच संशयास्पद आढळली. २०१५ मध्ये निबंध मागे घेतला गेला. पण या दोघांनी आपला प्रयोग सोडला नाही. दक्षिण फ्लोरिडात कार्यकर्ते मतदारांच्या दारात उभे राहून तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी साधारण दहा मिनिटं बोलले. युक्तिवादांचा मारा नव्हता. आधी मतदाराचं मत विचारायचं, त्यावर वाद न घालता ऐकायचं आणि मग विचारायचं, वेगळे आहात म्हणून लोकांनी तुम्हाला कधी नावं ठेवली आहेत का? आठवणी निघत, मग बोलणं मूळ विषयाकडे वळे. पूर्वग्रह कमी झाला, आणि तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. बोलणारी व्यक्ती स्वतः तृतीयपंथी असो वा नसो, परिणाम झालाच.

म्हणून सभ्य चर्चा म्हणजे आवाज खाली ठेवून गोड बोलणं, हा समज मला वरवरचा वाटतो. गोड आवाजातही समोरच्याला झिडकारता येतं. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणं मात्र जमावं लागतं. चर्चेच्या कार्यक्रमात सहा जणांना एकाच वेळी बोलू दिलं की ती वाट पाहायला जागाच उरत नाही.

पण एवढ्यावर लोकशाही सावरेल असं समजू नये. यान फोल्केल आणि सहकाऱ्यांना अलीकडेच असं आढळलं की विरोधी पक्षाच्या लोकांविषयीचा तिटकारा कमी करता येतो, मात्र तेवढ्याने आपल्या पक्षासाठी लोकशाहीचे नियम मोडण्याची तयारी कमी होतेच असं नाही. त्यासाठी निवडणूक यंत्रणा आणि न्यायालयंच भक्कम लागतात.