पहिला आकडा आणि शेवटचं बिल

सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी दोन घरं घेऊ. पहिल्याचं एका रात्रीचं भाडं १००, आणि साफसफाईचे एकदाच ८०. चलन कोणतंही धरा. दुसऱ्याचं भाडं १२५, साफसफाई त्यातच आली. वेबसाइटवर भाड्याच्या चढत्या क्रमाने यादी लावली की पहिलं घर वर येतं आणि दुसऱ्यापेक्षा २५ ने स्वस्त दिसतं.

आता हिशेब मांडू. एकच रात्र राहायचं असेल तर पहिल्या घराचे १८० होतात, दुसऱ्याचे १२५. दोन रात्रींचे २८० आणि २५०. तीन रात्रींचे ३८० आणि ३७५, म्हणजे जवळपास बरोबरी. चौथ्या रात्री पारडं फिरतं: ४८० आणि ५००. कमी भाड्याचं म्हणून वर आलेलं घर तीन रात्रींपर्यंत महागच पडतं. शनिवार-रविवारला जोडून दोन रात्री काढू पाहणाऱ्या कुटुंबाला त्या यादीने चुकीचं घर आधी दाखवलं, आणि कुठेही एक अक्षर खोटं न लिहिता.

अशा शुल्कांबद्दल लोक चिडतात ते शेवटच्या पानावर रक्कम फुगते म्हणून. ती चीड रास्त आहे. पण मला त्याहून मोठं नुकसान दिसतं ते तुलना मोडण्यात. वेबसाइटने प्रत्येक घरावर सारख्याच टक्क्याने सेवा शुल्क लावलं तर सगळे आकडे वाढतात, पण घरांचा क्रम तोच राहतो. स्वस्त घर स्वस्तच दिसतं. साफसफाईसारखं ठोक शुल्क मात्र क्रमच उलटवतं, आणि तो कुठे उलटेल हे मुक्काम किती रात्रींचा यावर ठरतं. दहा-बारा घरं चाळताना असा हिशेब मनातल्या मनात कोण करणार? आणि का करावा? आकडेमोड हे तर संगणकाचं काम.

माणसाचं मन हा हिशेब आपणहून करत नाही, याचे पुरावे बरेच जुने आहेत. एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला. एक चक्र फिरवायचं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांच्यासमोर १० आला त्यांच्या अंदाजांचा मध्यक, म्हणजे अगदी मधला अंदाज, २५ निघाला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. तरी पहिल्यांदा दिसलेला आकडा मनात रुतून बसला आणि पुढचा अंदाज त्याच्याच आसपास फिरला. घराच्या भाड्याच्या बाबतीत तर पहिला आकडा प्रश्नाशी थेट संबंधित असतो, त्यामुळे त्याची पकड सैल असण्याचं काही कारण नाही.

१९९८ मध्ये विकी मॉरविट्झ, एरिक ग्रीनलीफ आणि एरिक जॉन्सन यांनी तुकड्यांत सांगितलेल्या किमतीचा अभ्यास केला. त्यांच्या एका प्रयोगात सुट्ट्या नाण्यांनी भरलेल्या बरणीचा लिलाव होता. एका गटाने जेवढी बोली लावायची तेवढेच पैसे द्यायचे होते. दुसऱ्या गटाला बोलीवर १५ टक्के अधिभार होता आणि तो त्यांना आधीच सांगितलेला होता. दुसऱ्या गटाने आपली बोली त्या प्रमाणात खाली आणायला हवी होती, पण ती पुरेशी खाली आली नाही; अधिभार धरून त्यांची एकूण रक्कम जास्त भरली. मन मूळ किमतीकडे नीट पाहतं आणि जोडीच्या रकमेवरून घाईने पुढे सरकतं.

‘मग माहिती द्या की झालं’ असं वाटेल. राज चेट्टी, अ‍ॅडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच समजुतीला धक्का देतो. अमेरिकेत दुकानातल्या फळीवर करापूर्वीची किंमत लिहिलेली असते आणि विक्रीकर गल्ल्यावर जोडला जातो. या संशोधकांनी एका सुपरमार्केटमध्ये तीन आठवडे काही वस्तूंखाली करासह किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या. त्या वस्तूंची मागणी सुमारे ८ टक्क्यांनी घटली. कर नवा नव्हता, वाढलेला नव्हता, आणि कोणत्या वस्तूवर तो लागतो हे गिऱ्हाइकांना चांगलं ठाऊक होतं. फरक एवढाच होता की निर्णय घेण्याच्या क्षणी तो डोळ्यांसमोर आला.

ऑनलाइन विक्रीत हे किती प्रमाणावर घडतं याचा सर्वांत ठोस पुरावा तिकिटांच्या फेरविक्रीतून आला. २०१५ मध्ये स्टबहब या अमेरिकी संकेतस्थळाने लाखो ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला सुरुवातीपासून शुल्कासह पूर्ण किंमत दाखवली, दुसऱ्याला शुल्क थेट शेवटच्या पानावर. टॉम ब्लेक, सारा मोशारी, केन स्वीनी आणि स्टीव्ह टाडेलिस यांनी त्याचं विश्लेषण केलं. ज्यांना शुल्क शेवटी कळलं त्यांनी सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला आणि खरेदी पूर्ण करण्याची त्यांची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघाली.

या निकालातला दुसरा भाग मला अधिक बोलका वाटतो. उशिरा शुल्क पाहणाऱ्यांनी नुसती जास्त तिकिटं घेतली नाहीत, तर अधिक महाग जागा निवडल्या. सगळे आकडे लहान दिसत असताना मन वरच्या दर्जाकडे झुकतं, आणि निवड तिथेच होऊन जाते. घर शोधतानाही हेच घडतं. छायाचित्रं पाहून झालेली असतात, अभिप्राय वाचलेले असतात, कुटुंबातल्या सगळ्यांचा होकार मिळालेला असतो. मग पैसे भरण्याच्या पानावर तीन नव्या ओळी उगवतात. हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं म्हणून माणूस बटण दाबतो. परत मागे जाऊन शोध सुरू करायला वेळ लागतो, आणि दुसऱ्या घराचं शुल्कही शेवटीच कळणार असतं.

बाजारातली स्पर्धा हे आपोआप दुरुस्त करत नाही. झेविअर गाबे आणि डेव्हिड लेब्सन यांनी २००६ मध्ये त्याचं कारण गणिताने दाखवलं. समजा, एका कंपनीने प्रामाणिकपणे जाहीर केलं की इतरांची शुल्कं लपलेली आहेत, आमची पाहा. त्यामुळे शहाणे झालेले काही ग्राहक तिच्याकडे येण्याऐवजी लपलेलं शुल्क टाळायला शिकतात आणि त्या दुसऱ्याच दुकानाची खालची मूळ किंमत पदरात पाडून घेतात. समजावून सांगणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. घरभाड्याच्या बाजारात भर पडते ती यादीच्या क्रमाची. यादी रात्रीच्या भाड्यावर लागत असेल तर घरमालकाला भाड्यातले २० काढून साफसफाईत घालण्याचा मोह होणारच. तसं न करणारा सरळमार्गी माणूस दुसऱ्या पानावर फेकला जातो. याचा अर्थ, किंमत दाखवण्याची पद्धत प्रत्यक्ष किंमत कशी बेतली जाते हेही ठरवते.

म्हणून सुट्टीची घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जे जाहीर केलं त्यातली माझ्या मते महत्त्वाची गोष्ट फारशी गाजली नाही. गाजलं ते कर वगळता एकूण रक्कम दाखवणारं नवं बटण. सोबतच कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सांगितलं होतं की शोधाचा क्रम लावताना रात्रीच्या भाड्यापेक्षा एकूण किमतीला प्राधान्य मिळेल. मोह निर्माण होतो तिथेच हा बदल झाला. पुढच्या वर्षभरात अडीच लाखांच्या आसपास घरांनी साफसफाईचं शुल्क कमी केलं किंवा काढून टाकलं, असं कंपनीने सांगितलं. एप्रिल २०२५ पासून एकूण रक्कम जगभर आपोआप दिसू लागली, बटण दाबायची गरज उरली नाही.

हे सगळं स्वखुशीने झालं असं मात्र म्हणता येत नाही. युरोपीय आयोगाने आणि तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी २०१८ मध्ये याच कंपनीला बजावलं होतं, आणि २०१९ मध्ये युरोपात सक्तीची सगळी शुल्कं धरून रक्कम दिसू लागली. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये आणलेला नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. तो फक्त दोन क्षेत्रांपुरता आहे: कार्यक्रमांची तिकिटं आणि थोड्या दिवसांचं वास्तव्य. एकूण किंमत बाकीच्या आकड्यांपेक्षा ठळक हवी, असं तो सांगतो. शुल्क किती असावं यावर तो काहीच बोलत नाही, आणि सरकारी कर सुरुवातीच्या आकड्यातून वगळायला मुभा देतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून लागू झालेला कायदा याबाबत अधिक कडक आहे. जो कर भरल्यावाचून गत्यंतर नाही तो किमतीत आधीच धरावा लागतो. ग्राहकाच्या खिशातून जाणारा पैसा करापोटी गेला की शुल्कापोटी, याने त्याच्या तुलनेत काही फरक पडत नाही. त्यामुळे ब्रिटनची रीत मला जास्त पटते.

शुल्क कोणाच्या नावावर लिहिलं जातं यानेही पहिला आकडा किती बदलतो, ते पाहण्यासारखं आहे. समजा, घरमालकाच्या हाती १०० पडायला हवेत. एअरबीएनबीच्या जुन्या पद्धतीत मालकाकडून ३ टक्के आणि पाहुण्याकडून, समजा, १४ टक्के घेतले जात. मालक भाडं १०३ लावेल, पाहुणा शेवटी ११७.५० देईल. दुसऱ्या पद्धतीत पाहुण्याकडून काहीच नाही, मालकाकडूनच १५.५ टक्के. मग मालकाला भाडं ११८.३० लावावं लागेल आणि पाहुणा तेवढेच देईल. शेवटचं बिल जवळजवळ तेच राहतं, आणि पहिला आकडा १०३ वरून ११८ वर जातो. एअरबीएनबीने ऑक्टोबर २०२५ पासून व्यवस्थापनासाठी वेगळी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मालकांना या दुसऱ्या पद्धतीकडे वळवलं. जिथे सगळीकडे एकूण रक्कमच दिसते तिथे हा बदल पाहुण्याला जाणवणारही नाही. जिथे नुसतं भाडं दिसतं तिथे तेच घर एका रात्रीत महागल्यासारखं वाटेल.

एकूण रकमेलाही एक खरी अडचण आहे, आणि ती लबाडीतून आलेली नाही. तारखा आणि माणसं किती हे सांगितल्याशिवाय ती निघूच शकत नाही. शनिवारचा दर वेगळा, आठवडाभर राहिल्यास सवलत, चारपेक्षा जास्त माणसं असली तर वरचे पैसे. तारखा न देता शोधलं तर दिसणारा आकडा अंदाजापलीकडे काही सांगत नाही, म्हणून शोधाची सुरुवात नेहमी तारखा भरून करावी. परत मिळणारी अनामत ही किंमत नव्हे. ती आकड्यात मिसळली नाही हे बरंच.

तारखा सैल ठेवून शोधणाऱ्यांपुढे आणखी एक पेच येतो. सुरुवातीच्या पहिल्या घराचीच शुल्कासह सरासरी काढली तर एका रात्रीसाठी १८० पडतात, दोन रात्री राहिल्यास प्रत्येकी १४०, तीन राहिल्यास सुमारे १२७, चार राहिल्यास १२०. नुसती सरासरी दाखवली तर मुक्काम लांबवणं हीच बचत वाटू लागते, जरी खिशातून दर वेळी १०० अधिक जात असले तरी. नुसती एकूण रक्कम दाखवली तर तीन रात्रींचं घर पाच रात्रींच्या घरापेक्षा स्वस्त दिसतं, आणि त्या तुलनेला काहीच अर्थ उरत नाही. इथे दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच ठळक अक्षरांत हवेत, आणि किती रात्रींसाठी हेही त्यांना लागूनच लिहिलेलं हवं.