ओट्याखालचा डबा

आमचा कचऱ्याचा डबा ओट्याखालून बाल्कनीत हलवला, त्याला महिना झाला. तरी गाळणीतला चोथा टाकायला हात अजून ओट्याखालीच जातो. डबा कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, हाताला नाही. त्यात परवा घरच्या ग्रुपवर संदेश आला: ‘21 दिवसांत कोणतीही सवय लावा!’

हे 21 आले कुठून? अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी 1960 साली लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळलं, चेहराही गळला, आकडा तेवढा उरला. शिवाय 21 म्हटलं की आपल्याला दुर्वा आणि मोदक आठवतात, मग शंका कोण घेणार? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी 84 दिवस मोजल्या. ज्यांचा आलेख सवय मुरण्याच्या गणिती वक्राशी नीट जुळला, त्यांना सवय मुरायला लागलेल्या दिवसांचा मध्यक 66 निघाला, पण पल्ला 18 ते 254 दिवस. (84 च्या पुढचे आकडे अर्थात गणिती अंदाज.) एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही दिसलं.

पण माझा लाडका प्रयोग उंदरांचा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजचे संशोधक ॲडम्स यांनी उंदरांना शिकवलं: दांडी दाबा, साखरेची गोळी मिळवा. काहींचा सराव 100 गोळ्यांचा, काहींचा 500 चा. नंतर दांडी काढून घेऊन त्याच गोळ्या चारल्या आणि वर मळमळ आणणारं लिथियम क्लोराइड टोचलं. सगळ्यांनाच गोळीचा वीट आला. मग पुन्हा दांडी पुढे केली, गोळी मात्र बंद. कमी सराववाल्यांनी दाबणं बरंच कमी केलं. 500 वाले दाबतच राहिले. नकोशा झालेल्या गोळीसाठी!

म्हणजे मुरलेल्या सवयीच्या हिशेबात फळ धरलेलंच नसतं. मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग असतो. त्याचा आतल्या बाजूचा पट्टा ‘हे केलं की ते मिळेल’ असा हिशेब करतो, तर बाहेरच्या बाजूचा ‘हे दिसलं की हे कर’ एवढंच जाणतो. सराव वाढतो तसा कारभार बाहेरच्या पट्ट्याकडे सरकतो. 2004 मध्ये यिन, नोल्टन आणि बॅलीन यांनी उंदरांमधला हा बाहेरचा पट्टा सरावाआधीच निकामी केला, तेव्हा भरपूर सराव होऊनही ते उंदीर फळाचा विचार करतच राहिले. 

माणसांचंही तेच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात थिएटरमध्ये काहींना ताजे, तर काहींना आठवड्याचे शिळे पॉपकॉर्न दिले. सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले, आवडले नसूनही! पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हा शिळे कमी संपले. थिएटरऐवजी मीटिंग रूममध्ये दिले, तेव्हाही शिळे फारसे खपले नाहीत. निर्धार कोणीच केला नव्हता. फक्त जागा बदलली, नाहीतर हात अडला.

म्हणून मीही ओट्याखाली, डब्याच्या जागी, बटाट्यांची टोपली ठेवली. काल सकाळचा चोथा बटाट्यांवर पडला.